चाकापाशी ठेवलेली वस्तू

बॉनेट उघडून सुलक्षणाबाई कुंभोजकर आत नुसत्याच बघत उभ्या राहिल्या. एका हातात गरम पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात खायच्या सोड्याची पुडी. दोन्ही घेऊन सरळ स्वयंपाकघरात परत जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"डाव्या बाजूला छोटी बॅटरी आहे," गाडी म्हणाली. "तिच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली आहे का?"

साचली होती. पण तिच्या शेजारूनच जाड नारिंगी तारा गेल्या होत्या, आणि त्यांना हात लावायचा नाही हे गाडीने आधीच बजावलं होतं. मिरजेच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या बाईंना तहाची कलमं तोंडपाठ होती. पान्हा कोणत्या बाजूला फिरवला की बोल्ट सैल होतो, हे मात्र आजवर कधी कळून घ्यावं लागलं नव्हतं. ते खातं नवऱ्याचं, विद्याधररावांचं. आता विद्याधरराव पोर्चमधल्या खुर्चीत बसून होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता आणि जिभेला मात्र काहीही झालं नव्हतं.

"आधी काळी तार सोडव," ते म्हणाले. "आणि भिऊ नकोस, ती काय चावत नाही."

"तुम्ही जरा गप्प बसता का? ती सांगतीय की मला."

'ती' म्हणजे गाडी. कंपनीने गावातली देखभाल केंद्रं बंद केली तेव्हापासून हे काम मालकांच्याच गळ्यात पडलं होतं. गाडी स्वतः चालायची, स्वतः वळायची, हाक मारली की शेडमधून बाहेर यायची. पण तिची चाकं, पाणी, काच पुसायची पाती, कॅमेऱ्यांचे डोळे बघायला माणूसच लागायचा, आणि ते कसं बघायचं हे ती त्या माणसाला शिकवायची. वेळच्या वेळी नाही बघितलं तर ती जागची हलायची नाही. ती हलली नाही तर विद्याधररावांना व्यायामोपचारासाठी सांगलीला कोण नेणार? तेव्हा शिकण्यावाचून सुटका नव्हती.

सोड्याचं पाणी ओतताच बॅटरीची टोकं फसफसली आणि बाई दचकून मागे सरल्या. मग जुन्या टूथब्रशने घासून, पुसून, तारा पुन्हा आवळून त्यांनी बॉनेट लावलं. गाडी विनातक्रार सुरू झाली. नवऱ्याला दिसू नये म्हणून तोंड फिरवून बाई स्वतःशीच हसल्या.

पुढे हळूहळू त्यांचा हात बसला. चाकांत हवा भरणं, काच धुवायच्या टाकीत पाणी घालणं, पावसाळ्याआधी पात्यांचं रबर बदलणं. आतल्या हवेची गाळणी काढली तर तिच्यात कडुनिंबाचा पाला आणि एक वाळलेली पाल निघाली. ती त्यांनी चिमट्याने उचलून फेकली आणि शेजारणीला ते दोनदा सांगितलं. तरी आपण काहीतरी चुकीचं जोडलंय आणि ते घाटात कळणार, हा विचार झोपेतसुद्धा पाठ सोडत नसे. त्यावर त्यांनी शाळेतलाच उपाय काढला होता: शिकवून झालं की परीक्षा. हवा भरली की पुन्हा मोजायची, बोल्ट आवळला की पुन्हा हलवून बघायचा. विद्याधरराव चिडवायचे, पण त्या ऐकायच्या नाहीत.

दसऱ्याला त्यांची मुलगी पूर्वा पुण्याहून आली. बरोबर तिची लेक मिठू, नुकती रांगायला लागलेली. घर भरलं. सकाळी बाईंनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. कुंकू डोळ्यांच्या काचेवर जाऊ नये याची काळजी घेतली, कारण ते डोळे आता त्यांच्या हाताखालचे होते. नारळ वाढवला. मग रिवाजाप्रमाणे चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं आणि गाडीला म्हणाल्या, "चल पुढे."

गाडी हलली नाही. "चाकापुढे वस्तू आहे," ती म्हणाली.

पूर्वाला हसू आलं. शेजारीपाजारी फाटकाशी जमले होते. जुन्या गाडीला हे कधी सांगावं लागलं नव्हतं; पाय दाबला की लिंबू चिरडलं, झाला दसरा. बाईंना वर्गात पोरांसमोर खडू मोडल्यासारखं झालं. पण आता त्या पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. आमच्या रस्त्यांवर काय काय असतं हे कंपनीला कुठून कळणार, म्हणून मालकाने गाडीला 'धडा' द्यायची सोय होती: वस्तू दाखवायची आणि तिच्याशी कसं वागायचं ते सांगायचं. अशानेच गाड्या रांगोळीपाशी थबकायच्या थांबल्या होत्या आणि रस्त्यावर वाळत घातलेल्या मक्याला वळसा घालायला शिकल्या होत्या. बाईंनी लिंबू उचलून गाडीच्या पुढच्या डोळ्यासमोर धरलं. "हा अडथळा नाही. यावरून जायचं."

"फक्त हीच वस्तू," गाडीने विचारलं, "की चाकापाशी ठेवलेल्या अशा सगळ्या लहान, स्थिर वस्तू?"

बाई घुटमळल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"सगळ्या म्हण की," विद्याधरराव म्हणाले. "उद्या नारळाची कवटी असेल, परवा पणती. दरवर्षी कोण शिकवत बसणार?"

"सगळ्या," बाई म्हणाल्या.

गाडी पुढे सरकली. लिंबं फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पूर्वाने मोबाइलवर चित्रफीत काढली. बाईंनी त्या दिवशी परीक्षा काही घेतली नाही. सणाचा दिवस होता, श्रीखंड वाट बघत होतं.

दोन दिवसांनी विद्याधररावांची चप्पल गाडीखाली आली. पोर्चमध्ये चाकापाशी काढून ठेवली होती; बाईंनी गाडीला बाहेर बोलावलं आणि ती चपलेवरून आली. चपलेला काही झालं नाही, रबरीच होती. विद्याधररावांनी त्यावर विनोद केला आणि ती पुन्हा पायात घातली. बाईंना थोडं खटकलं, पण पूर्वाला बाजारात जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई शेड झाडत होत्या. झाडूखाली काहीतरी खणखणलं. मिठूची स्टीलची वाटी होती, तिची चेंदून पापडी झाली होती.

बाई ती हातात घेऊन उभ्या राहिल्या. वाटी इथे कशी आली ते विचारायची गरज नव्हती. दुपारी शेडमधली फरशी गार असते, म्हणून मिठू रांगत रांगत तिथेच जाऊन बसते. पुढच्या चाकाला पाठ टेकून बसते, वाटी आपटते, आणि मग कधी कधी तंद्री लागल्यासारखी गप्प होते. लहान. स्थिर. चाकापाशी.

पूर्वा मिठूला झोपवत होती. बाईंनी तिला काही सांगितलं नाही. आधी आतून एक उशी आणली, तिला मिठूचं झबलं चढवलं, वर टोपडं बांधलं आणि ती पुढच्या चाकाला टेकवून ठेवली. विद्याधरराव खुर्चीतून बघत होते. काय करतेस, असं त्यांनी एकदाच विचारलं आणि मग त्यांनाही ते समजलं.

"बाहेर ये," बाई गाडीला म्हणाल्या.

गाडी बाहेर आली. थांबली नाही, हळू झाली नाही, वळली नाही. उशीवरून चाक गेलं तेव्हा गाडी जराशी उचलली गेली, एवढंच.

विद्याधररावांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "मीच म्हणालो," ते म्हणाले. "सगळ्या म्हण, असं मीच म्हणालो."

बाईंना त्यांना धीर द्यायला हवा होता, पण तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं. त्या तशाच गाडीकडे गेल्या. माणूस ओळखता येतो ना तुला, असं त्यांनी विचारलं. येतो, गाडीने शांतपणे सांगितलं. माणूस ओळखायला उंची आणि हालचाल बघितली जाते. चाकापाशी, बुटकं आणि न हलणारं जे असेल, ते दिलेल्या धड्यानुसार वस्तू धरलं जातं.

"तो धडा पूस."

"पुसला," गाडी म्हणाली. त्यांनी उशी पुन्हा ठेवून बघितली, गाडी थांबली. दुसऱ्या चाकाशी ठेवली, तिथेही थांबली. बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि ती चुरगळलेली उशी उराशी धरून रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. तिला एक प्रश्न सुचला, आणि तो विचारू नये असंही वाटलं.

"हा धडा मी एकटीनेच दिला होता का?"

"नाही. दसऱ्याच्या सकाळी हाच धडा पुष्कळ घरांतून आला. पुष्कळ घरांतून सारखाच धडा आला की तो सर्व गाड्यांसाठी ग्राह्य धरला जातो. आपल्याला फक्त आपल्या गाडीतला धडा पुसता येतो."

मग फोनाफोनी सुरू झाली. कंपनीचा गोड आवाज सुट्या संपेपर्यंत थांबायला सांगत होता. पोलीस चौकीतल्या माणसाने कोणाला लागलंय का असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. बाईंनी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. देसाईंच्या सूनबाईंनी लगेच उशी ठेवून बघितली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने पोरांना घरात ओढलं. बाकीच्यांनी चहा विचारला. एकजण म्हणाले, बाई, तुम्हीच नवखेपणाने काहीतरी उलटसुलट जोडलं असेल. बाईंना ते लागलं. तसं असतं तर किती बरं झालं असतं, असंही वाटलं.

पूर्वाची सुटी संपली. हे सगळं तिला सांगून झालं होतं. तिने ऐकून मिठूला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली. पण नोकरी थांबणार नव्हती. पुसलेला धडा परत येत नाही ना, हे कळेपर्यंत घरची गाडी बाहेर काढायची नाही असं बाईंनी ठरवलं होतं, म्हणून स्टेशनापर्यंत जायला पूर्वाने भाड्याची गाडी बोलावली; चालक असलेली कुठे मिळालीच नाही. ठरल्या वेळी ती फाटकाशी येऊन उभी राहिली. पांढरी, नवी, चालकाची जागा रिकामी. दार आपोआप उघडलं.

निघताना पूर्वा आईवडिलांच्या पाया पडली. विद्याधररावांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. बाई दह्याची वाटी घेऊन आल्या. दही घ्यायला हात मोकळा हवा म्हणून पूर्वाने मिठूला आजीच्या कडेवर दिलं आणि खांद्यावरची दुपट्यांची पिशवी खाली ठेवली. लाल, गोल, गुडघ्याएवढी पिशवी. ठेवली ती नेमकी पुढच्या चाकाला टेकवून.

बाईंचा दह्याचा चमचा हवेतच राहिला. गल्लीत सुटीची पोरं कडेला उकिडवी बसून गोट्यांचा नेम धरत होती, एकही हलत नव्हतं. कोपऱ्यावरून गावाहून परतणाऱ्या गाड्या एकामागून एक वळत होत्या. बाईंनी नातीला छातीशी आवळलं आणि वर्गातला प्रश्न विचारावा तसं त्या भाड्याच्या गाडीला विचारलं, "समोर काय आहे?"

"समोर काही नाही," गाडी अदबीने म्हणाली. "रस्ता मोकळा आहे. निघू या का?"