बुधवारच्या वाढीव बैठका

तलावावर दोन खात्यांची मिळून एकच होडी होती, आणि त्या दिवशी मी चुकीच्या माणसाबरोबर तिच्यात चढले. भेटायचं होतं वन्यजीव विभागाच्या वनपाल बाईंना. समोर बसला होता मत्स्य विभागाचा तरुण अधिकारी, मांडीवर मत्स्यबीजाची पिशवी सांभाळत. चूक लक्षात आली तेव्हा धक्का मागे पडला होता. आता पलीकडे जाऊनच परतता येईल, असं तो म्हणाला. म्हणताना हसला... निदान मला तसं वाटलं.

माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय ही दोन खातीच होती. तलावातली पाणमांजरं मच्छीमारांची जाळी फाडून मासे खात. एक खातं पाणमांजरांच्या बाजूचं, दुसरं माशांच्या. ती एकत्र काम करतात का, आणि कशामुळे, हे मला शोधायचं होतं.

त्यांची संयुक्त बैठक महिन्यातून एका बुधवारी व्हायची. मी कोपऱ्यात बसून टिपणं काढायची. दुसऱ्या महिन्यात दोन बैठका झाल्या, तिसऱ्यापासून दर बुधवारी. न फाटणारी जाळी मागवायचं ठरलं. वनपाल बाई आणि तो एकाच नकाशावर वाकून बोलू लागले. सहकार्याचा माझा आलेख चढत होता आणि मी हरखून गेले होते — नक्की कशाने, ते मला सांगता आलं नसतं. बैठक संपली की तो फाटकापर्यंत सोडायला यायचा आणि वाटभर माशांबद्दल बोलायचा. नुसतं माशांबद्दल. मी आत्याकडे राहत होते. ती म्हणे, ताट रिकामं झालं तरी तू चावतेच आहेस.

शेवटची मुलाखत वनपाल बाईंची होती. सहकार्य एवढं कशामुळे वाढलं, असं मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"खरं लिहिणार असशील तर सांगते. या वाढीव बैठका तोच बोलावतो. तू परीक्षेला गेलीस, त्या बुधवारची त्याने रद्द केली."

मला आनंद झाला की भीती वाटली, कोण जाणे. दोन खात्यांचं सूत जुळलं ते माझ्या येण्यामुळे, म्हणजे माझी माहितीच खोटी ठरली... आणि तरी गालांना ऊब येत होती.

मार्गदर्शक मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तसं असेल तर त्या बैठका आणि त्याची मुलाखत वगळायची, दुसरा तलाव शोधायचा, सहा महिने जास्त लागतील, असं त्या म्हणाल्या. नुसता गैरसमज असेल तर काहीच बदलायला नको. दोन दिवस मी घोळत राहिले. गैरसमज म्हटलं की प्रबंध वाचत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मत्स्यबीज केंद्रावर गेले. तो गुडघाभर पाण्यात, टाकीत उभा होता.

"मी तुम्हाला प्रबंधातून काढून टाकलंय," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं?"

"बैठका कशासाठी बोलावत होतात?"

"पहिली जाळ्यांसाठीच होती. पुढच्या..." त्याने वाक्य सोडून दिलं.

सहा महिन्यांचं ऐकल्यावर तो फारच गडबडला. मॅडमना पत्र लिहितो म्हणाला — सगळा दोष माझा, हिला यातलं काही माहीत नव्हतं, असं. म्हणजे निदान प्रबंध तरी वाचेल.

"नका लिहू," मी म्हटलं. "मला काहीच कळत नव्हतं, हे खरं नाही."

"म्हणजे... मी आता नक्की आहे कुठे?"

"टाकीत," मी म्हटलं. "बाहेर ये."

ते 'ये' त्याच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. आलं, तेव्हा तो निथळत पायऱ्या चढून वर आला, हात कुठे पुसावेत ते न सुचून तसाच उभा राहिला, आणि दुसऱ्या तलावाकडे जाणारी गाडी किती वाजता सुटते ते विचारू लागला.

"तुला सोडायला येईन," तो म्हणाला. मग थोडं थांबून — "आणि आणायलाही."