रेवती थांबली तेव्हा

चंद्रावर जाणाऱ्यांचे सत्कार करणं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. चंद्रावर काय, कोणीही जाई! पण रेवती शिगवण कुठे जाणार नव्हती. ती थांबणार होती, आणि म्हणूनच चिपळूणच्या एसटी डेपोत तिच्या आईच्या गळ्यात हार पडला.

तारामतीबाईंनी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, एकही अपघात नाही. रोज पहाटे लेकीला "येते गो बाय" म्हणून निघायच्या आणि यायच्याच. "जाते" म्हणायचं नसतं.

"थांबणार म्हणजे काय गो?" त्यांनी विचारलं होतं.

"आई, विश्व जन्मलं तेव्हा सगळं धगधगतं धुकं होतं. पावणेचार लाख वर्षांनी ते निवळलं आणि प्रकाश मोकळा सुटला. तो आदिप्रकाश अजून चहूकडून येतोय, पार थंडगार होऊन. त्यातल्या बारीक सुरकुत्यांतूनच पुढे तारे झाले, आपण झालो. पण सिंह राशीच्या बाजूला तो किंचित ऊबदार लागतो."

"का?"

"पावसात गाडीची पुढचीच काच जास्त का भिजते?"

"गाडी पळते म्हणून."

"तसंच. आपली सूर्यमाला सेकंदाला तीनशे सत्तर किलोमीटर पळतेय. माझ्या यानानं तेवढा वेग मोडून काढला, की आदिप्रकाश सगळीकडून सारखा. मग त्यातल्या अगदी पुसट खुणाही वाचता येतील, विश्वाच्या पहिल्या क्षणाच्या."

"म्हणजे तू ब्रेक लावणार!" बाई खूश झाल्या. मग ड्रायव्हरच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला. "आणि परत गाडी गाठायला डिझेल?"

रेवतीनं नकारार्थी मान हलवली. सगळं इंधन त्या ब्रेकलाच लागणार होतं. पोर कधी खोटं बोलली नव्हती. निघताना ती पाया पडली, पण "येते" म्हणाली नाही. ते बाईंच्या काळजाला लागून राहिलं.

तीन महिन्यांनी तिचा आवाज ऐंशी मिनिटांचा प्रवास करून डेपोत पोचला. "आई, थांबले गं. आकाश सगळीकडून सारखं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारे कंडक्टर दळवी मात्र हळहळले, "गेली हो बिचारी पोर."

"गेली? तुमच्या जिभेला काही हाड, दळवी!" तारामतीबाई उसळल्या. "अख्ख्या विश्वात माझी एकटी लेक जागेवर उभी आहे. गाडीत तर आपण बसलोय!"

बोलता बोलता त्या थबकल्या. पोरगी "येते" का म्हणाली नाही, ते आत्ता उमगलं. ते निघणाऱ्यानं म्हणायचं असतं.

ऊर अभिमानानं भरून आला होता, डोळेही भरले होते. त्यांनी माइक हातात घेतला.

"नीट राहा गो बाय. येतो आम्ही."

एवढं बोलेपर्यंत पृथ्वी अडीच हजार किलोमीटर पुढे गेली होती. आणि या गाडीला ब्रेक नाही, हे अठ्ठावीस वर्षांच्या ड्रायव्हरला कोणी सांगायला नको होतं.