चार ओळींचा शेरा

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेळाव्यात, सभागृहात प्लगची एकच जागा रिकामी होती, आणि तिच्याकडे दोन हात एकदम गेले.

"घ्या तुम्ही—"

"नको, तुम्हीच घ्या—" म्हणताना तिची नजर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. इंटरनेटवरचं टोपणनाव : भोवरा.

"म्हणजे तो... तुम्ही?"

"तो मीच," तिचं ओळखपत्र वाचत भोवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

या प्राण्याने तिला दोन वर्षं पिडलं होतं. चित्रपटाखालच्या ओळी संवादांशी जुळवणारं सॉफ्टवेअर तिने बनवलं होतं. फुकट, सगळ्यांना खुलं. कुणीही सुधारणा पाठवावी, तिने तपासून शेरा द्यावा, मग ती आत घ्यावी, अशी तिथली रीत. भोवऱ्याचं डोकं तल्लख. पण दर वेळी एखादी शाळकरी चूक हमखास. बहुतेकदा, सुधारणा नीट चालते हे दाखवणारी चाचणी जोडायची राहिलेली. ती वैतागून लांबलचक शेरा लिहायची, जाता जाता चिमटा काढायची. तोही परतफेड करायचा. वैताग संपून वाट बघणं कधी सुरू झालं, तिला कळलं नाही. कळलं तेव्हा तिने ते कुणाला सांगितलं नाही.

सुधारणा पाठवणारी मंडळी वाढली, तसं नोकरी सांभाळून एकटीने सगळ्यांचं काम तपासणं तिला झेपेना. तपासण्याचा हक्क दुसऱ्या कुणाला तरी द्यायलाच हवा होता.

कॉफी घेताना तिने विचारलंच, "इतकं छान काम करता, मग चाचणी जोडायला हात दुखतात का?"

त्याने उलटच विचारलं, "काकांचं काम कसं असतं?"

काका म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. मंडळीतले सगळ्यात शिस्तीचे.

"निर्दोष."

"त्यांना शेरा काय देता?"

"'छान.'"

"बघा! आणि मला चार ओळी मिळतात..."

तिचा कप हातातच राहिला. "मुद्दाम चुकत होतास तू?"

"...हो."

"अरे शहाण्या! सगळ्यांचं काम तपासण्याच्या हक्कासाठी मी आधी तुझंच नाव धरलं होतं. पण दर वेळी धांदरटपणा करणाऱ्याच्या भरवशावर सगळं कसं सोडायचं? सकाळीच काकांना देऊन टाकला. आता तुझं कामही तेच तपासणार."

"म्हणजे तुमचे शेरे..."

"बंद."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती! भोवऱ्याचा चेहरा पार उतरला. तिला हसू आलं, पण क्षणभरच. आता त्याला लिहायला तिच्याकडे काही निमित्तच उरलं नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. खूप. शेऱ्यात ते कुठे बसवावं, समजत नव्हतं..."

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "हे... नीट तपासलंय ना?"

"नाही," ती म्हणाली. "थेट पाठवलंय."