दोरितासाठी टीव्ही

बसमध्ये लावायचा टीव्ही घरच्या टीव्हीसारखा निवडायचा नसतो. हे मी लोकांना सांगून सांगून थकलो. दुकानात जातात, सगळ्यात मोठा, सगळ्यात पातळ, सगळ्यात चकाकणारा उचलून आणतात आणि माझ्यापुढे ठेवून म्हणतात, लाव. मग पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि शिव्या मला पडतात. घरचा टीव्ही भिंतीवर गप्प बसलेला असतो. आमच्या इत्सापाहून चिमाल्तेनांगोला जाणाऱ्या रस्त्यावर गप्प बसणं दगडालाही जमत नाही.

मी सेल्विन चोनाय. आबेलिनोशेठच्या गॅरेजात बसगाड्यांचं वायरिंग करतो. उत्तरेतल्या गोऱ्यांची पोरं ज्या पिवळ्या गाड्यांतून शाळेत जातात, त्या त्यांनी भंगारात काढल्या की आमच्याकडे येतात आणि आणखी एक जन्म चालतात. लाज कुणाला वाटायची असेल तर त्यांना वाटावी. गाडी आली की आधी ती मधोमध कापायची. सपाट मुलखासाठी बनवलेली लांबलचक गाडी आमच्या घाटाच्या वळणात मावत नाही. दोन खिडक्यांएवढा तुकडा काढायचा, मागचा भाग पुढे ओढून जोडायचा, वेल्डिंग घासायचं. मग लाल-निळा रंग, चकाकत्या पट्ट्या, भोंगे, एका बाईचं नाव. शेवटी पाद्रीबाबा येतो आणि पुढून मागपर्यंत एकेका बाकावर पाणी शिंपडत जातो. कापलेला तुकडा तोवर भंगारवाल्याकडे पोचलेला असतो.

दोरिता नावाच्या गाडीचा तुकडा मात्र गेला नाही. त्यातले चारही बाक धड होते, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला. मूळचं हिरवं आवरणसुद्धा फाटलं नव्हतं. आबेलिनोशेठने तो मागच्या अंगणात ठेवला आणि त्यात कोंबड्या सोडल्या. राखणदार तोरिबियोकाका खूश झाले. कोंबड्यांना गादीचे बाक आणि आपल्याला फळकुट, असं म्हणत रोज अंडी गोळा करायचे.

दोरिता ही माझ्या बहिणीची गाडी. चालवतो मायनोरदाजी, पण आईची जमीन विकून ती उभी केली फ्लोरिदाल्माताईने. भाडंही तीच गोळा करते. इतर गाड्यांवर हे काम दारात लोंबकळणारे गडी करतात. ताई गर्दीत घुसून बाकाच्या दांड्यावर नाण्याने टक टक करायची आणि ओरडायची, "मागं सरका, मागं सरका, मागं काय भूत बसलंय का?"

"नाव बघितलंस गाडीचं?" पहिल्या दिवशी ती मला म्हणाली. "दोरिता. सासूचं नाव. धक्के खायचे मी आणि मिरवायचं म्हातारीने."

"तुझं नाव लांबलचक गं," दाजी म्हणाला. "रंग पुरला नसता."

टीव्हीची गरज खरी होती. आमच्या रस्त्यावर टीव्ही नसलेली गाडी रिकामी जाते. लोक चेंगरून उभे राहतील, पण गाणी बघत. जमीन तर गेलीच होती; गाडी रिकामी पळाली असती तर ताई रस्त्यावर आली असती. म्हणून मला न विचारता ती आरशासारखा चकाकणारा टीव्ही घेऊन आली. मी बडबड केली आणि लावला. ड्रायव्हरच्या मागे वर, तोंड प्रवाशांकडे. पाठीला ट्यूबचं रबर, चारी कोपऱ्यांना स्प्रिंगा.

लावून झाल्यावर पडद्यावरचे बोटांचे ठसे पुसत होतो. दुपार होती, बाहेर ढग होते. टीव्ही बंद. काळ्या काचेत माझ्यामागची गाडी दिसत होती, बाकांच्या रांगा, मधली वाट, मागचं दार. मागचं दार फार लांब वाटलं. मी पुसायचा थांबलो. वेल्डिंगचा सांधा कुठे आहे हे मला माहीत होतं, तो माझ्यासमोर घासला होता. काचेत त्या जागी सांधा नव्हता. दोन जास्तीच्या खिडक्या होत्या आणि त्यांतून कडक ऊन येत होतं. आत हिरवे बाक.

वळून पाहिलं. सगळे बाक लाल. आम्हीच लाल रेक्झिन चढवलं होतं. खिडक्यांत ढग.

काचेला फुगवटा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सपाट काचेला फुगवटा नसतो हे मला माहीत होतं. तरी सांगितलं आणि जेवायला गेलो.

तो टीव्ही अँतिग्वा शहराच्या दगडी रस्त्यावर बंद पडला. मला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य ताई जे सांगायला आली त्याचं वाटलं. ती गॅरेजात आली, स्टुलावर बसली आणि कॉफीला नको म्हणाली.

"तामालवाली चोनआजी माहितीये ना? आज पुढच्या बाकावर बसली होती. टोपली मांडीवर. टीव्ही गेला तसा मी वर बघितलं. काचेत ती पुढे नव्हती. मागं होती, गाडीच्या मधोमध. हिरव्या बाकावर, मांडी रिकामी."

"ताई, हिरवा बाक कुठाय आपल्याकडे?"

"तेच विचारायला आलेय तुला."

"मग? पुढे काय?"

"चिमाल्तेनांगोला गाडी रिकामी झाली. टोपली पुढच्या बाकावर तशीच. आत पानात गुंडाळलेले मक्याचे तामाल, अजून गरम. आजी उतरताना मी काही पाहिली नाही." ती स्टुलावरून उठली. "चोनआजी एक वेळ लुगडं विसरेल रे, टोपली नाही विसरायची."

आजीची लेक दोन-तीनदा स्टँडवर विचारायला आली. मग यायची थांबली. आमच्याकडे माणूस नाहीसा झाला की लोक विचारणं लवकर थांबवतात. ती सवय आम्हाला लावली गेलेली आहे. कुणी लावली, ते लावणारे अजून टाय बांधून भाषणं करतात.

दुसरा टीव्ही मी स्वतः निवडला. चाकांवरच्या घरांसाठी बनवतात तसा, थेट गाडीच्या बॅटरीवर चालणारा. धक्के सोसणारा. तो चांगला चालला. मग ज्वालामुखीने राख सोडली त्या सकाळी आतल्या पंख्यात राख गेली आणि तो घाटात विझला. त्या खेपेला गाडीत न्हावी ओतोनियेल होता. ताईने त्याला काचेत आजीच्या पलीकडच्या हिरव्या बाकावर पाहिलं. प्रत्यक्षात तो तिच्या शेजारी उभा होता, तिला सुट्टे मागत होता. तिने त्याचा दंड धरला.

"का गं, प्रेमात पडलीस काय?" तो हसला.

वळणावर गर्दी एकीकडे कलंडली. ताईचा हात सुटला. गर्दी सरळ झाली तेव्हा तिथे दुसराच माणूस उभा होता. ओतोनियेलच्या दुकानाला अजून कुलूप आहे.

"आता तिसऱ्या बाकावर माझी पैशाची पिशवी आहे," ताई म्हणाली. "काचेत. बाक रिकामा, वर नुसती पिशवी. खरी माझ्या गळ्यात होती. चाचपून बघितली मी."

"ताई, तू घरी बस."

"आणि भाडं कोण घेणार? तू? तू सुट्टे द्यायला लागलास तर गाडी पुढच्या नाताळाला पोचेल."

"चेष्टा करू नकोस."

"मग काय करू? रडू?"

मी टीव्ही काढून टाकला. सोपा उपाय. दुसऱ्या दिवशी दाजीने घाटाच्या वळणावर असा ब्रेक मारला की पुढचं चाक कड्याबाहेर गेलं. गाडी तशीच गॅरेजात आणली. त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"डोक्यावरच्या आरशात दिसायला लागलंय," तो म्हणाला. "मागं बघितलं की हिरवे बाक. आजी माझ्याकडे बघते. मेव्हणे, तो टीव्ही परत लावा. टीव्ही होता तेव्हा आरशात काही नव्हतं. आणि चालू असला की काचेतही काही नसतं. फक्त तो विझता कामा नये."

आता काम कळण्यासारखं होतं. मला असा टीव्ही हवा होता जो विझणार नाही. कशानेच नाही. ताईचा जीव त्यावर टांगलेला होता.

मी चिमाल्तेनांगोतली सगळी दुकानं पालथी घातली. नवे टीव्ही उचलून पाहिले, पाठीवर टिचक्या मारल्या, दुकानदारांनी हाकललं. आजकाल आत काही नसतंच. पुठ्ठ्यासारखी पाटी आणि वर नावाचा कागद चिकटवलेला. तीन वर्षांची हमी देतात आणि नजरेला नजर देत नाहीत. शेवटी जुन्या सामानाच्या बाजारात रेनाबाईच्या टपरीत एक सापडला. जाड, जड, पत्र्याच्या पाठीचा. एका बँकेच्या रांगेपुढे वर्षानुवर्षं दिवसरात्र चालू होता म्हणे. पडदा धुरकट, चमक नसलेला.

"चालू करून दाखवते," रेनाबाई म्हणाली.

"मला बंद बघायचाय."

"बंद टीव्ही बघणारं गिऱ्हाईक आजच बघितलं." तिने बटणावरचा हात काढला. मी वाकलो. धुरकट काचेत माझा चेहरासुद्धा नीट दिसेना. मी तिथेच घेतला.

त्याला मी दोन बॅटऱ्या दिल्या, गाडीची एक आणि स्वतंत्र एक. जोड कथलाचा डाग देऊन पक्के केले. राख जाऊ नये म्हणून जाळीवर कापड बसवलं. बंद करायचं बटण आतून कापून टाकलं. आयुष्यात इतकं नेटकं काम मी केलं नव्हतं.

तो विझला नाही. दगडी रस्त्यावर नाही, घाटात नाही. गाडी स्टँडवर झोपली तरी तो आपला गात असायचा. गर्दी वाढली. ताई पुन्हा सासूवरून टोमणे मारायला लागली, दाजी पुन्हा शीळ घालायला लागला. चेंगराचेंगरीत सुद्धा नाण्याची टक टक पुढपर्यंत ऐकू यायची.

मंगळवारी बाजाराच्या दिवशी दाजी एकटा गॅरेजात आला.

"ताई कुठाय?"

"चिमाल्तेनांगोपर्यंत होती. आवाज येत होता. टक टक येत होती." तो दारातच उभा राहिला. "स्टँडवर लोक उतरले. उतरले आणि संपले."

"टीव्ही विझला होता?"

"नाही. एकदाही नाही. गाणं चालू होतं, मेव्हणे. अजून चालू आहे."

पोलिसांनी विचारलं, नवऱ्याशी भांडण होतं का. विचारलं, दुसरा कुणी होता का. लिहिणाऱ्याने जांभई दिली. मी त्याला दोन शब्द सुनावले, मला धरून बाहेर काढलं. बाहेरच्या भिंतीवर हरवलेल्या बायकांचे कागद एकावर एक चिकटवलेले होते. खालचे वाचता येत नव्हते.

दोन दिवसांनी आम्ही गॅरेजात उभ्या असलेल्या दोरितात चढलो. भर दुपार. पडद्यावर पिवळ्या कपड्यातला एक माणूस नाचत होता. मला बंद करता येईना. बटण मीच कापलेलं. पक्कड घेतली, आधी एक वायर तोडली, मग दुसरी.

धुरकट काच काळी झाली. या काचेत काही दिसणार नाही म्हणूनच मी ती निवडली होती. तरी स्वच्छ दिसलं.

जास्तीच्या दोन खिडक्या. कडक ऊन. आजी. तिच्या पलीकडे ओतोनियेल. तिसऱ्या हिरव्या बाकावर ताई, पिशवी मांडीवर. ती समोरच्या दांड्यावर नाणं मारत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नव्हता.

"मागं सरका म्हणतेय ना?" दाजीने विचारलं.

"हो."

विझल्यावर ते घडत नव्हतं. विझल्यावर फक्त दिसत होतं. आणि मी अख्खा बाजार धुंडाळून, डाग देऊन, बटण कापून, दिसणं तेवढं बंद केलं होतं.

दाजी काचेसमोर बसून राहिला. मी मागच्या दाराने अंगणात उतरलो.

अंगणात तोरिबियोकाका अंड्यांची रिकामी टोपली घेऊन उभे होते.

"तुझ्या शेठला सांग, कोंबड्या बिघडल्यात," ते म्हणाले. "आधी एका बाकावर बसायच्या बंद झाल्या. मग दुसऱ्यावर. मंगळवारपासून तिसऱ्यावर बसेनात. चौथ्यावर दाटीवाटीने बसायच्या बिचाऱ्या. आज सकाळपासून तोही सोडलाय."

आतून पत्र्यावर टक टक ऐकू येत होती.

"चोची मारतात," काका म्हणाले.

मी तुकड्याच्या खिडकीतून डोकावलो. सगळ्या कोंबड्या खाली जमिनीवर होत्या, ओळीने, तोंडं पुढच्या बाजूला. एकही हलत नव्हती. वर चार हिरवे बाक. तीन बाकांची गादी मधोमध दबलेली होती.

चौथ्याची अजून सपाट होती.