हँडलवरचं फडकं

दादा ती शर्यत हरला. पाचवा आला.

आता हे विसरा. ती शर्यत झालीच नाही, असं आमच्या घरात ठरलंय. कुणी विचारलं तर त्या दिवशी आम्ही घर झाडत होतो. आई, दादा आणि मी, तिघंही. दिवसभर.

पण आदल्या संध्याकाळी जे झालं ते अगदी खरं आहे. मी तिथे होतो आणि दमलेला होतो. दमलेल्या माणसाला काहीबाही रचून सांगायचं सुचत नाही.

गॅरेज आमच्या घराच्या खालीच आहे. शटर अर्धं ओढलेलं. मधे दादाची डर्ट बाईक. तिच्यापुढे बाबांचं बुटकं स्टूल, ज्यावर कुणी बसत नाही. आदर वगैरे काही नाही, त्याचा एक पाय आखूड आहे.

बाबा जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कार्बोरेटर लावले, तेही कानाने. आवाज जुळला की स्क्रूड्रायव्हरने टाकीवर दोनदा टकटक करायचे. म्हणजे थांब, हात काढ. मग हात पुसायचे आणि फडकं डाव्या हँडलवर टाकायचे. फडकं पडलं की त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. घरातला हा एकच नियम सगळे पाळायचे.

दवाखान्यात शेवटी त्यांना शुद्ध नव्हती, तरी बोटं हवेत स्क्रू फिरवत होती. नर्सला वाटलं, पंखा कमी करायला सांगतायत.

तिने केला.

त्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. दिवसभर गिऱ्हाइकं, संध्याकाळी दादा.

"लहान जेट टाक," दादा म्हणाला.

जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा. मधे भोक, त्यातून इंजिनला पेट्रोल जातं. लहान भोक, कमी पेट्रोल, गाडी झपकन उचलते. पण इंजिन तापतं. फारच तापलं तर धावता धावता जाम होतं.

"जाम झालं तर?"

"एका शर्यतीत काय होतंय?"

"उडीवर झालं तर?"

"मग माझी खोली तुला."

खोली चांगली आहे. खिडकी आहे. मी लहान जेट टाकला.

त्याचंही चुकत नव्हतं. जिंकला तर शर्यतीच्या संघात जागा होती. नाहीतर टायरच्या गोदामातली नोकरी होतीच, रोज, सकाळी आठपासून. आणि पुढच्या वर्षी तो वयाच्या अटीत बसणार नव्हता.

गाडी चालू केली. आवाज एकदम मोकळा झाला. दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

आणि तेवढ्यात...

टक. टक.

टाकीवर.

इंजिन बंद पडलं.

"वाजवू नकोस रे," दादा म्हणाला.

"एका हातात टॉर्च, दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर. तिसरा असता तर आधी पाठ खाजवली असती."

कार्बोरेटर उघडला.

आत... मोठा जेट होता.

लहान जेट सुटे भाग धुवायच्या वाटीत, पेट्रोलमध्ये शांतपणे पडला होता.

"मोठाच परत लावलास की, गाढवा."

"असेल."

मी इतका दमलो होतो की मला ते पटलंसुद्धा.

या वेळी दादाने स्वतः लहान जेट बसवला. वरून आईने जेवायला हाक मारली. आम्ही शटर पूर्ण ओढलं, कुलूप लावलं, किल्ली दादाच्या खिशात. आतून एक जिना घरात जातो, पण तो उतरतो आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारून. तिघं तिथेच जेवलो. जिन्याने कुणी गेलं नाही.

परत खाली आलो...

पेट्रोलचा वास नव्हता.

आमच्या गॅरेजात चहालासुद्धा पेट्रोलचा वास येतो. त्या वेळी येत होता तो खोकल्याच्या गोळीचा. बाबा चघळायचे त्या.

आणि डाव्या हँडलवर... फडकं होतं.

बाबांचं. आईने ते धुऊन तिच्या कपाटात ठेवलं होतं. कुलपात.

मी हात लावला.

ओलं होतं.

दादाने कार्बोरेटर उघडला. मोठा जेट. त्याने पुन्हा लहान जेट उचलला.

"पुढच्या वर्षी मला घेणार नाहीत," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही. "बाबा, एवढं एक राहू द्या."

स्टूल... करकरलं.

मग त्याचा आखूड पाय जमिनीला टेकला. कुणी बसलं की टेकतो तसा.

आणि एक सुस्कारा आला. लांब. हात धुऊन झाल्यावर, शटर ओढताना गिऱ्हाईक आलं की बाबा टाकायचे तो.

मला भीती वाटली नाही. याचीच नंतर भीती वाटली. तेव्हा फक्त वाटलं, या माणसाला कुणीतरी घरी पाठवा. पण घरीच तर होते ते.

जिन्यात आई उभी होती. "माझं कपाट कुणी उघडलं?" म्हणाली. मग तिला फडकं दिसलं.

"त्यांनी लावलंय ते राहू दे," ती दादाला म्हणाली. "आणि त्यांना म्हणावं, आता पडा जरा."

दादाने जेट खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी काय झालं नाही, ते सुरुवातीला सांगितलंच आहे. जागा दुसऱ्याला गेली. परत आल्यावर दादाने स्पार्क प्लग काढला. मोठ्या जेटवर तो चांगला काळपट निघायला हवा.

तो पांढरा निघाला. हाडासारखा.

म्हणजे मोठ्या जेटवरही इंजिन उपाशी होतं. कुठून तरी फुकटची हवा आत जात होती. खूप शोधलं. शेवटी दादा वैतागून बाबांच्या स्टुलावर बसला आणि त्याला दिसलं. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबराला खालून चीर गेली होती. उभ्याने दिसत नाही. वाकूनही दिसत नाही. त्या स्टुलावरूनच दिसते.

लहान जेट असता तर पहिल्याच उडीवर...

दादा त्या चिरेवर बोट ठेवून बसून राहिला.

"खोली माझीच राहिली," एवढंच म्हणाला.

रबर बदललं. फडकं धुऊन कपाटात गेलं. इथे हे संपायला हवं होतं.

पण परवा मी शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र उघडलं होतं. दुपारची वेळ. स्क्रू फिरवतोय, आणि...

टक. टक.

आता गवताच्या यंत्रालासुद्धा येतात. गिऱ्हाइकं खूश आहेत. आई कपाटाला कुलूप लावत नाही, उगाच त्यांना त्रास नको म्हणून. पण तो सुस्कारा दर वेळी लांबत चाललाय. मी हल्ली रेडिओ मोठा करून काम करतो. उपयोग होत नाही.

तरी हा विषय ज्यांच्या अखत्यारीत येतो, त्यांना विनंती करण्यात येते की, आमच्या वडिलांनी हयातीत एकही सुट्टी घेतलेली नसल्याने त्यांची सर्व शिल्लक रजा मागील तारखेपासून मंजूर करावी. त्यांच्या जागी सध्या मी काम पाहत आहे. सदर काम मला अद्याप नीट जमत नाही, ही बाब कृपया त्यांच्या कानावर जाऊ देऊ नये.