मंगलीच्या पेशी

गोंदियातल्या त्या कॉलेजात मी तीन वर्षं दात-ओठ खात काढली. खिडकीतून राइस मिलचा कोंडा आत यायचा, वीज मनाला येईल तेव्हा जायची, आणि प्राचार्यांना प्रयोगशाळा म्हणजे पाहुण्यांना दाखवायची खोली वाटायची. मला तिथून सुटायचं होतं. त्यासाठी एक बरा शोधनिबंध पुरेसा होता.

माझं काम सांगायला सोपं आहे. कर्करोगाच्या पेशींना छळायचं. अन्न तोडायचं, उष्णता वाढवायची, हवा कमी करायची. कच्च्या पेशी मरतात. उरलेल्या आतल्या आत डागडुजी करून पहिल्यापेक्षा चिवट होतात. त्या कशा तरतात, हे मला मांडायचं होतं.

मंगलीच्या पेशी सगळ्यांत चिवट निघाल्या. ती जिल्ह्यातल्याच प्रतापगडाजवळच्या एका टोल्यावरची, छोट्या वस्तीवरची, गोंड बाई, छातीत गाठ झालेली. गाठीचा तुकडा घेण्यासाठी तिच्या नवऱ्याची, झामसिंगची, मी कागदावर सही घेतली. कशासाठी ते सांगितलं नाही. असल्या माणसांना समजावण्यात दुपार घालवायची मला हौस नव्हती. फ्लास्कमधल्या पेशी अकरा दिवस उपाशी राहून वाढल्या. मंगली मात्र डिसेंबरात गेली.

हवा तुटली की या पेशी एक प्रथिन वाढवतात, आणि चाचणीत त्याची काळी रेघ उमटते. एका गुरुवारी, हवा पुरेशी असताना, रेघ उमटली. मी टेक्निशियन ओमेश्वरला गाढव म्हणालो आणि चाचणी स्वतः केली. रेघ आणखी जाड आली.

"सर, काल मंगलीले मातीत ठेवलं," ओमेश्वर म्हणाला.

"मग?"

तो खिडकीतला कोंडा पुसायला लागला.

दोन आठवड्यांनी भर दुपारी झामसिंग पितळी लोटा घेऊन आला.

"नाल्यावर जाऊन आमी मेलेल्याचं नाव घेतो," तो म्हणाला. "पाण्यात हात घातला का मासोळी, किडा, काहीतरी येते. थोच मेलेल्याचा जीव. लोट्यात घरी नेतो, मंग माणूस घरच्या देवायत बसते. मंगली येऊन नाही राहिली सर. तीन डाव गेलो."

"मी काय करू त्याला?"

"थोडीशी तुमच्यापाशी जित्ती हाये, ओमेश्वर म्हणते. तेवढी द्या."

मला हसू आलं. पेशींना खाऊ घालायचा गुलाबी द्रव असतो. नुसता तोच, एकही पेशी नसलेला, मी त्याच्या लोट्यात ओतला. दाराशी बसून त्याने तीनदा नाव घेतलं, शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलवावं तसं हळू. बराच वेळ लोट्यात पाहिलं. मग मला हात जोडून गेला. मी हसत ओमेश्वरकडे वळलो. तो हसत नव्हता.

पेशी फ्लास्कच्या तळाला सगळीकडे पसरलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकाच कडेला गोळा झालेल्या दिसल्या. बाकी काच कोरी.

ती कड दाराकडची होती.

फळी तिरपी असेल म्हणून तपासली. सरळ होती. मी फ्लास्क फिरवून ठेवला. सकाळी पेशी पुन्हा दाराकडच्या काचेला.

"झामसिंगचा फोन आलता," ओमेश्वर म्हणाला. "लोट्यात कोणी नव्हतं म्हणते. खरी देऊन टाका सर."

देता आली असती. पण निबंध अर्धा झाला होता, आणि लोट्यातल्या पाण्याला बायको समजणाऱ्या माणसासाठी मी गोंदियात कुजत बसणार नव्हतो. निबंध छापून आला, आणि पेशी गोठवून सोबत घेऊन मी पुण्याला आलो.

त्याच्याच जोरावर नोकरी मिळाली. इथली प्रयोगशाळा चकचकीत आहे. इन्क्युबेटरचं दार पश्चिमेला उघडतं. मंगलीच्या पेशी पूर्वेच्या, गोंदियाकडच्या काचेला असतात.

मी रोज संध्याकाळी फ्लास्क फिरवतो.

गेल्या महिन्यात मी त्यांना मारायचं ठरवलं. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. अन्न बंद केलं, उष्णता वाढवली, हवा तोडली. त्याने काय होतं ते माझ्याच निबंधात लिहिलेलं आहे.

परत नेऊन द्यावं, तर झामसिंगसमोर उभं राहून मी खोटं बोललो हे सांगावं लागेल. तेवढं अजून जमलेलं नाही.

ओमेश्वर फोनवर सांगतो, झामसिंग अजून दर सोमवारी सकाळी आठला नाल्यावर जाऊन तिचं नाव घेतो.

आज सोमवार. आठ वाजता मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो.

आठ वाजून चार मिनिटांनी पेशी हलल्या. थांबल्या.

मग आणखी दोनदा.