गोठ्यातली भक्तिगीतं

नोलन फिशबाख पहिल्यांदा आमच्या गोठ्यात आला, तेव्हा मी मोठमोठ्याने शिव्या देत होते. त्याला नाही — रेडिओला. पण त्याने दारातच टोपी काढली आणि विचारलं, "मी नंतर येऊ का?"

सप्टेंबर होता. विस्कॉन्सिनच्या आमच्या टेकड्यांत मका कापणीला आला होता आणि गाईंची खुरं तासायची वेळ झाली होती. वीस वर्षं हे काम करणाऱ्या अर्लकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी याला पाठवलं होतं. उंच, काटकुळा, हनुवटीखाली एक लांब व्रण.

"रेडिओ बंद पडलाय," मी म्हटलं. "आता मेबल काही खुरं तासायच्या खोड्यात उभी राहायची नाही."

"रेडिओ नाही म्हणून?"

"तिला गाणी लागतात."

"कुठली?"

सांगायला उगाचच लाज वाटली. "चर्चची..."

"अच्छा. म्हणजे भाविक आहे."

"गाय आहे. मी नाही."

ते खरंही होतं आणि खोटंही. तो रेडिओ बाबांचा. दोन्ही वेळच्या धारांना ते भक्तिगीतांचं स्टेशन लावायचे, पंधरा वर्षं, तेवढ्याच आवाजात. गाणी नसली की निम्म्या गाई पान्हा चोरायच्या. रविवारी बाबा चर्चमध्ये गायला उभे राहायचे, हातात पुस्तक न धरता, आणि त्यांच्या भरदार आवाजामागून सगळं चर्च गायचं. फेब्रुवारीत एका पहाटे धारांच्या आधी ते गवताच्या गठ्ठ्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

दफनानंतर मी चर्चची पायरी चढले नाही. पाळकबाई रूथचा फोन आला की सांगायचे, "धारांची वेळ असते हो." आई एकटीच जायची. रेडिओ मात्र मी बंद केला नाही. गाईंसाठी, असं सगळ्यांना सांगायचे. खरी गोष्ट अशी, की पहाटे पाचला ती संथ गाणी सुरू झाली की छातीत आवळलेलं काहीतरी थोडंसं सैल व्हायचं. एवढंच. पण दिवस निघायला तेवढं पुरायचं.

मेबलला कसंबसं खोड्यात घातलं. तिने एक सणसणीत लाथ झाडली, आणि नोलन शांतपणे बाजूच्या बादलीवर जाऊन बसला. त्याचे हात थरथरत होते.

"एक मिनिट द्या," तो म्हणाला. "मागच्या वर्षी एकीने जबडा मोडला माझा. तेव्हापासून पहिल्या गाईला असं होतं. गाणी ऐकली की थांबतं."

"कुठली गाणी?"

तो ओशाळून हसला. "चर्चची."

त्याने खिशातला फोन काढून फळीवर ठेवला. आवाज डासासारखा. मेबलने अजिबात दाद दिली नाही.

"तुम्हीच म्हणा," तो म्हणाला.

"मी?"

"तुमची गाय आहे."

सात महिन्यांत मी एक ओळ म्हटली नव्हती. बाबांचं आवडतं गाणं सुरू केलं — वादळात होडी धरून बसलेल्याचं. दुसऱ्या ओळीला आवाज बंद झाला. आणि मागून नोलनने ती ओळ उचलली... इतकी बेसूर, की मेबलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही नका म्हणू!" मी डोळे पुसत ओरडले.

"का?"

"तिला सूर कळतो!"

तो हसला. मीही हसले. मग मी ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं, आणि त्याने चारही खुरं तासली. त्याचे हात आता अगदी स्थिर होते.

अर्लकाका दोन दिवसांत चौसष्ट गाई उरकायचे. नोलन दर दोन-तीन आठवड्यांनी यायचा आणि सात-आठच करायचा. "फार बारकाईने काम करतो हो हा मुलगा," आई कॉफी ओतताना म्हणायची आणि माझ्याकडे बघायचीच नाही. रेडिओ त्यानेच दुरुस्त केला. नोव्हेंबरपर्यंत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो, आणि त्याची गाडी वळणावर दिसली की मी कानटोपी काढून केस नीट करायला लागले होते. पारा शून्याखाली असतानासुद्धा.

जानेवारीत एकदा धारा आटपल्यावर मी त्याला विचारलं, "तुझा देवावर विश्वास आहे?"

त्याने विचार केला. "गाणं चालू असतं तेव्हा असतो. संपलं की परत शोधावा लागतो. तुझा?"

"मी रागावलेय त्याच्यावर."

"म्हणजे आहे की!"

"शहाणा आहेस," मी म्हटलं. पण ते वाक्य पुढे बरेच दिवस माझ्याबरोबर हिंडलं.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पाळकबाई स्वतः गोठ्यात आल्या. ईस्टरची पहाटेची उपासना आमच्याकडे चर्चमागच्या दफनभूमीत होते, आणि पहिलं गीत नेहमी बाबा सुरू करायचे.

"ब्रिटा, यंदा तू करशील?"

"धारांची वेळ असते हो."

"मी काढतो धारा," खोड्यामागून नोलन म्हणाला.

"चौसष्ट गाई आहेत!"

"आमच्या एकशेदहा होत्या, विकायच्या आधी."

पाळकबाई गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तिथे सगळे बाबांच्या आवाजाची वाट बघत उभे राहतील. तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही कळत," तो म्हणाला. हत्यारं पुसत राहिला. "पण तू गातेस तेव्हा... म्हणजे ते काय फक्त मेबलनेच ऐकायचं?"

मी वळून मेबलपुढे गवत टाकायला लागले. मग तो खाली बघत म्हणाला, "मला आयोवात कायमचं काम मिळतंय. मोठा फार्म आहे, चार हजार गाई. सोमवारी कळवायचंय." आणि निघून गेला.

ईस्टरला साडेचारला तो दारात हजर होता. मी आईबरोबर गाडीत बसले.

टेकडीवरचं गवत दवाने भिजलेलं होतं. तीस-चाळीस माणसं, कोटांच्या कॉलरी वर केलेली, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. पाळकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही. त्यांनी स्वतःच सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीला सगळे सवयीने थांबले, त्या एका आवाजासाठी... आणि गाणं तिथेच बसायला लागलं. शेजारी आईचं पुस्तक उघडं होतं, पण ओठ मिटलेले होते.

मी तिसरी ओळ उचलली. बाबांच्या सुरात नाही, माझ्या. आवाज एकदा चिरकला, आईने माझं कोपर धरलं, मी पुढे म्हटलं. मग मागून सगळे आले.

चमत्कार काही झाला नाही. बाबा जमिनीतच होते, सूर्य ढगांमागेच उगवला. पण सव्वा वर्षात पहिल्यांदा वाटलं, की मी ज्याच्यावर रागावलेय तो इथेच कुठेतरी उभा आहे आणि निमूटपणे ऐकून घेतोय. तेवढ्यानेच खूप हलकं वाटलं.

घरी आलो तेव्हा नोलन दुधाच्या नळ्या धूत होता. केसांत गवत, बाही कोपरापर्यंत ओली.

"गायलीस?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या ओळीपासून."

तो इतका खूश झाला, की त्याला ते लपवताच आलं नाही. मी बाहेरच्याच चांगल्या बुटांनी शेणातून पुढे गेले.

"आयोवाला काय कळवणार आहेस?"

"ते तुझ्यावर आहे."

"माझ्यावर कसं?"

"कारण..." त्याने नळ बंद केला. "कारण माझं प्रेम आहे तुझ्यावर, ब्रिटा. सप्टेंबरपासून. तुझ्या मनात नसेल तर मी जातो. असेल, तर चार हजार गाईंचं मी काय करू?"

"एवढं सांगायला ईस्टरपर्यंत थांबलास?"

"तू कधी बोलूच देत नाहीस—"

मी त्याला पुढेही बोलू दिलं नाही, सरळ जवळ ओढलं. तो मागे सरत "अगं, अंगाला शेण आहे माझ्या" एवढंच पुटपुटला. मी गोठ्यात वाढलेली. मला त्याचं काय!

"ब्रिटा!" घरातून आईची हाक आली. "अंडी गार होताहेत! त्यालाही घेऊन ये!"

सोमवारी त्याने आमच्याच स्वयंपाकघरातून आयोवाला फोन लावला आणि नकार कळवला. पलीकडच्याने कारण विचारलं असावं. नोलनने एकदा माझ्याकडे पाहिलं, त्याचे कान लाल झाले, आणि तो म्हणाला, "नाही साहेब, पगाराचं काही नाही. मी इथे घर करतोय."